प्रति: ॲपलने आयबीएमला सोडलं ते फक्त पैशासाठी?

मॅक संगणकांत आयबीएमच्या पॉवरपीसी चिप वापरणारी ॲपल २००५ मध्ये इंटेलच्या चिपकडे वळली ती निव्वळ भाव स्वस्त पडला म्हणून, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. खरं दुखणं उष्णतेचं होतं. आयबीएमची जी५ ही पॉवरपीसी चिप इतकी तापायची की लॅपटॉपमध्ये बसवताच आली नाही, २.५ गिगाहर्ट्झ वेगाच्या डेस्कटॉप टॉवरमध्ये तर ती थंड ठेवायला आत द्रव खेळवावा लागला. २००३ मध्ये ॲपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्स याने वर्षभरात ३ गिगाहर्ट्झची जी५ देऊ म्हणून सांगितलं होतं, तेही झालं नाही.

मी सोलापुरात चादरींची जेकार्ड डिझाइनं करते. मे महिन्यात पत्र्याखाली बसून काठाच्या नक्षीचा एकेक चौकोन भरताना लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि कर्सर अडखळतो. त्यामुळे एका वॉट विजेमागे चिप काम किती करते, हा हिशेब मला पुरता कळतो. ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा २०२० चा मॅकबुक एअर लॅपटॉप तर बिनपंख्याचा आला!

हां, जुन्या फायलींचं मात्र जपा. पॉवरपीसीचे प्रोग्रॅम इंटेलवर चालवणारं रोझेटा २०११ च्या लायन या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काढून टाकलं. जुनी डिझाइनं त्या-त्या प्रोग्रॅमच्या फायलीत अडकवू नका, टिफ या चित्राच्या फाइल-प्रकारातही काढून ठेवा.