पाच वर्षं भरेपर्यंत थांबायचं का?

मयेकर_३२:
गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत प्रॉडक्शनला आहे. चार वर्षं तीन महिने झाले. दर आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. डिचोलीहून बसने दीड तास. झुआरीचा पूल ओलांडून कुठ्ठाळी आली की छातीत धडधडायला लागतं. बॅच रेकॉर्डवर एक सही राहिली तरी साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, सुट्टीच्या दिवशीही फोन. गेल्या महिन्यात बीपी निघालं १५०/१००. वय ३२.

नाइट करून साडेसातला घरी पोचतो तेव्हा पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजत असतो. मुलगी पाव आणायला धावते आणि मी खिडकीला चादर बांधून आडवा होतो. डोळे मिटले तरी साहेबांचा आवाज चालूच.

सोसायटीचं कर्ज आहे, दुसरी नोकरी हातात नाही. मला वाटतं सोडावी. घरचे म्हणतात, पाच वर्षं भर, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) घे, मग बघ.

अंत्रुजकर:
सोडू नको. आम्ही उसगावचे. खाणीवर बाबांचे दोन ट्रक, दोन्ही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे जरा धावायला लागले, तर मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद. बाबा रोज सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन पाच मिनिटं चालू करायचे, बंद करायचे आणि बल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर, येऊन बसायचे. टायरांच्या मधून गवत वर आलं होतं. हप्त्याचा माणूस दारात आला की छाती तेव्हाही धडधडते, भाऊ. बेकारीत माणसाला झोप लागते हा गैरसमज आहे.

पेडण्याची_सून:
दादा, तुमच्या बाबांनी सोसलं ते खरंच. पण त्यांचं काम एका दिवसात गेलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. इथे मयेकरांना ठरवायला वेळ आहे, तो वापरू द्या ना.

आमच्या घरात "एवढं वर्ष काढू" असं दोन वर्षं चाललं. चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळा-फुलांची चौकट) बांधताना नवऱ्याचे हात थरथरायचे, सासूबाई सुपारीचा घड त्यांच्या हातातून काढून घ्यायच्या. कोणी काही बोललं नाही. मग एका पहाटे नाइटवरून येताना दुचाकीवर डुलकी लागली. कॉलरबोन मोडलं, तीन महिने घरी. चौथ्या महिन्यात त्यांच्या जागी दुसरा माणूस. ज्या नोकरीसाठी थांबलो, ती तशीही गेली.

अंत्रुजकर:
वाईट झालं, ताई. तरी मी हिशेबच सांगणार. ग्रॅच्युइटी म्हणजे साधारण शेवटच्या महिन्याचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक-डीए मिळून १८,००० धरलं तर पाच वर्षांचे ५१,९२३ रुपये. पाच वर्षं भरायला नऊ महिने आहेत, आत्ता सोडली तर हातात शून्य.

पेडण्याची_सून:
आणि कायम कामगाराला पाच वर्षांची अट सुटते ती मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर. हेही ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आहे. १५०/१०० घेऊन नऊ महिने म्हणजे नाइटचे तेरा आठवडे. त्याचे ५१,९२३.

साखळीवाला:
दोघंही थेट टोकाला गेलात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची (कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची) नोंद केली ती कामातून येणारी अवस्था म्हणून, आजार म्हणून नव्हे. तेव्हा आधी काम बदलून मागा. डॉक्टरांकडून लेखी घ्या की नाइट नको, आणि एचआरला द्या. पोच घ्या, तोंडी काही नको. बांबोळीला मनोविकार संस्थेत ओपीडी आहे. लोक काय म्हणतील म्हणून आपल्याकडे तिथे कोणी जात नाही. मी गेलो होतो, भावाबरोबर. रांगेत आमच्याच गावचे दोघे भेटले. जायला जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फोन फुकट आहे.

अंत्रुजकर:
एचआरला असला कागद दिला की माणूस नजरेत येतो. इन्क्रिमेंटच्या वेळी तोच कागद बाहेर निघतो.

साखळीवाला:
निघू दे. उद्या पाय घसरून पडला तर हाच कागद त्याच्या बाजूने उभा राहील.

मयेकर_३२:
सगळं वाचलं, दोनदा. बायकोलाही दाखवलं. ट्रकच्या इंजिनाचं वाचून ती म्हणाली, हे आपल्याकडे व्हायला नको. माटोळीचं वाचलं आणि गप्प बसली. मग सोसायटीचं पासबुक काढून आणलं. हप्ता ६,४०० चा. शिल्लक आहे त्यात सात महिने निघतात, सोनं न मोडता.

सोमवारी डॉक्टरांचं पत्र देतोय. चतुर्थीपर्यंत कंपनीने माझी नाइट बंद केली नाही तर राजीनामा, मग पाच वर्षं भरोत न भरोत. काल रजा टाकली होती. पोदेराचा भोंगा अंथरुणात ऐकला, मुलीबरोबर मीच गेलो पाव आणायला.

अंत्रुजकर:
रजा घेतलीस, बरं केलंस. राजीनामा मात्र दुसऱ्या कंपनीचं पत्र हातात आल्यावरच दे. माझं मत बदललेलं नाही. कुंडईला ओळखीचे एक-दोन जण आहेत, जनरल शिफ्टचं विचारतो. बायोडाटा पाठव.