भित्रा आणि भ्याड, फरक काय?

मुद्रितशोधक: मंडळी, वीस वर्षं प्रुफं तपासतोय. काल रात्री वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडताना आत्मघाती हल्ल्याच्या बातमीत 'भ्याड हल्ला' दिसलं आणि पेन अडलं. अंगाला स्फोटकं बांधून स्वतःच मरायला निघालेला माणूस क्रूर, नीच, काय हवं ते म्हणा; पण भ्याड? वेळ नव्हता, तसंच जाऊ दिलं. मग झोप कसली लागतेय!

निवृत्त_मास्तर: ससा भित्रा असतो. भ्याड ससा कधी ऐकलात? अंधाराला घाबरणारं पोरही भित्रंच. तो स्वभाव झाला. भ्याड म्हटलं की आरोप आला: जिथं पाय रोवायचे तिथं यानं कच खाल्ली. हल्ला भ्याड म्हणतात तो बेसावध, निःशस्त्र माणसांवर केला म्हणून. करणारा मरणाला भ्यायला का, हा प्रश्नच तिथं नाही. आणि सिंहगडची गोष्ट आठवा. तानाजी पडल्यावर पळणाऱ्यांना सूर्याजीनं भागूबाई म्हटलं, दोर कापले. त्याच भागूबायांनी गड घेतला की! (बिचाऱ्या भागूबाईनं कुणाचं काय बिघडवलं होतं, देव जाणे.)

माजी_सुभेदार: मास्तर, कायदाही तेच म्हणतो. आर्मी अ‍ॅक्ट १९५०, कलम ३४: शत्रूसमोर लाजिरवाण्या रीतीनं हत्यार टाकणं किंवा भ्याडपणा दिसेल असं वागणं. शिक्षा मृत्युदंडापर्यंत. नुसतं भ्यायला कलम नाही. आमच्या चौकीवर पहिला तोफगोळा पडला तेव्हा एक पोरगं खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिलं. सुटली नव्हतीच. चारदा बांधली. मग उठलं आणि एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, गेलं.

बर्मिंगहॅमकर: काका, आणि ते पोरगं उठलंच नसतं तर? पहिल्या महायुद्धात हॅरी फार या ब्रिटिश शिपायावर अगदी तुमच्या कलमातल्यासारखाच, शत्रूसमोर भ्याडपणा दिसेल असं वागल्याचा, आरोप होता. तोफांच्या माऱ्यानं मन ढासळून तो १९१५ साली पाच महिने इस्पितळात होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. माफी मिळाली २००६ मध्ये, त्याच्यासारख्या ३०६ जणांना. इथून जवळच, ऑलरवास गावापाशी, त्यांचं स्मारक आहे: डोळे बांधलेल्या तरुण शिपायाचा पुतळा आणि मागे लाकडी खुंटांच्या रांगा, प्रत्येकावर नाव. वयं वाचत गेलो. विशीच्या आतलीसुद्धा आहेत.

मुद्रितशोधक: मास्तर, पटलं. तरी आज तशीच बातमी आली तेव्हा 'भ्याड' खोडून 'निर्घृण' केलं. संपादकांनी परत 'भ्याड' घातलं.