लॉन ट्रॅक्टर गरम झाला की ओढत नाही, हायड्रोस्टॅटिक खोलू का?

मैदानकरी_दादर

नमस्कार मंडळी. दादरच्या बाजूच्या एका मैदानावर मी १२ वर्षं ग्राउंड्समन आहे. गवत कापायच्या यंत्रांची देखभालही माझ्याकडेच. आमच्याकडे १७ हॉर्सपॉवरचा, पेट्रोलवर चालणारा, बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर आहे. मीटरवर ११४० तास झालेत. गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा; पंप, मोटर, गिअर, ब्रेक आणि मागचा अॅक्सल सगळं एकाच केसिंगमध्ये. पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, क्लच नाही.

दुखणं असं. सकाळी थंड असताना अगदी नव्यासारखा चालतो. पाऊण मैदान होईपर्यंत, साधारण २५-३० मिनिटांत, चाल मंदावते. मग शेडच्या रॅम्पवर चढायला गेलं की पेडल तळाला टेकलेलं, इंजिनचा आवाज खणखणीत, आणि चाकं जागच्या जागी. अर्धा तास सावलीत उभा केला की परत ठीक.

दुकानदार म्हणाला, हे युनिट सीलबंद असतं, खोलत नाहीत, सरळ बदलायचं. नवं मागवून बसवायचे सव्वा लाख सांगितले. समिती म्हणते पुढच्या वर्षी बघू. पण मुंबईची कांगा लीग क्रिकेट स्पर्धा तोंडावर आहे. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते, आणि जून-जुलैत गवत कसं वाढतं ते मैदानावरच्या माणसालाच माहीत. चार दिवस कापलं नाही तर चेंडू सीमारेषेपर्यंत पोचतच नाही.

तर दोन प्रश्न. कोणी असलं युनिट स्वतः खोललं आहे का? आणि खोलण्याआधी दोष आतच आहे हे पक्कं कसं करायचं? उगाच उघडून बसायचं नाही मला.

---

गोदीतला_फिटर

अरे, तुझा दुसरा प्रश्न पहिला घेऊ. मी ३१ वर्षं गोदीत हायड्रॉलिकवर काम केलं. विंच असो की तुझा ट्रॅक्टर, तत्त्व तेच.

आधी पट्टा बघ. इंजिनकडून पंपाच्या पुलीवर येणारा पट्टा गुळगुळीत झाला असेल तर तोही गरम झाल्यावर घसरतो आणि लक्षणं अशीच दिसतात. पुलीवर खडूने रेघ मार. चाकं अडलेली असताना, रॅम्पखाली सुरक्षित अंतरावर एक माणूस बसवून त्याला पुली बघायला सांग. पुली जोरात फिरतेय आणि चाक नाही, तर दोष आत. पुलीच अडखळतेय तर पट्टा नाहीतर त्याचा टेन्शनर. बायपासचा दांडा पूर्ण मिटलाय का तेही बघ. ट्रॅक्टर ढकलायला तो ओढतात आणि मग अर्धवट सोडतात, मी दोनदा पाहिलंय.

आता आत काय होतं ते. पंपाचा सिलिंडर ब्लॉक फिरतो, त्यातले पिस्टन तिरक्या स्वॉश प्लेटवर टेकून आतबाहेर करतात. ब्लॉकचा सपाट चेहरा मधल्या केसच्या, म्हणजे पंप आणि मोटर ज्यावर टेकतात त्या धातूच्या ठोकळ्याच्या, सपाट चेहऱ्यावर घासत फिरतो. त्या केसमध्ये घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन खाचा असतात, एकीतून दाबाचं तेल मोटरकडे जातं, दुसरीतून परत येतं. दोन्ही खाचांच्या मध्ये रबर नाही, पॅकिंग नाही, फक्त धातूवर धातू आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा. त्या चेहऱ्यावर चरा पडला की दाबाचं तेल मोटरकडे न जाता शेजारच्या खाचेत पळतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते, तेल निम्मं पातळ झालं तर दुप्पट. थंड जाड तेल चऱ्यातून कमी निसटतं, म्हणून सकाळी तुझा ट्रॅक्टर नवा वाटतो. वर, निसटणारं तेल आणखी तापतं, आणखी पातळ होतं. तुझी २५ मिनिटं म्हणजे हेच चक्र.

दाबाचा गेज लावायला असल्या लहान युनिटला तोंड नसतं. म्हणून ओढ मोज. भंगारवाल्याकडे २०० किलोचा लटकता काटा असतो, तो मागून आण. एक टोक पक्क्या खांबाला, दुसरं ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला. सिमेंटवर उभा कर, हळू पेडल दाब, आकडा वाच, सोड. दोन सेकंदांच्या वर अडवून धरायचं नाही, तेल उकळेल. थंड असताना एकदा, अर्धा तास कापणी करून एकदा. आकडे वहीत लिही. खोलून जोडल्यावर तेच आकडे परत घ्यायचे. फक्त चाकं वर उचलून फिरवून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, वजन नसताना झिजलेलं युनिटही झक्कास फिरतं.

---

मैदानकरी_दादर

काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

खडूची रेघ सुसाट फिरत होती, म्हणजे पट्टा निर्दोष. बायपास मिटलेला. काटा कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याने दोन दिवसांसाठी दिला, पैसेही घेतले नाहीत. थंड असताना ओढ ८८ किलो. ३० मिनिटं कापल्यावर ३१ किलो. केसिंगवर तापमानाची बंदूक धरली तर ९६ अंश, बाहेर हवा ३२.

आणि एक गोष्ट दिसली जी मी आधीच बघायला हवी होती. युनिटवरच्या प्लास्टिकच्या पंख्याची तीन पाती तुटलेली होती, आणि केसिंगच्या पट्ट्यांमध्ये ओल्या गवताचा थर वाळून घट्ट बसलेला. करवतीच्या पात्याने खरवडून काढला, बादलीभर निघाला. नवा पंखा बसवून परत मोजलं, गरम असताना ३९ किलो. थोडा फरक, पण पुरेसा नाही.

मागच्या वर्षी एका बाहेरच्या मेकॅनिकने तेल बदललं होतं. त्याच्याकडून कळलं की त्याने ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल भरलंय. पुस्तकात १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल लिहिलंय. खाली ड्रेन प्लग नाही, म्हणजे तेल पूर्ण काढायचं तर युनिट उतरवावंच लागणार. उतरवतोच आहे तर खोलतो.

---

ठाण्याची_नर्सरी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडेही असाच ट्रॅक्टर आहे. हायड्रोस्टॅटिकमध्ये हायड्रॉलिक तेल घातलं तर चूक काय? नावातच हायड्रॉ आहे ना.

---

गोदीतला_फिटर

ताई, प्रश्न योग्य आहे. ६८ हा आकडा ४० अंशांवरचा जाडपणा सांगतो. १०० अंशांवर साधं ६८ नंबर साडेआठ सेंटिस्टोकच्या (हे जाडपणाचं माप) आसपास उतरतं. एसएई ३० ग्रेडच्या तेलाला १०० अंशांवर किमान ९.३ लागतं, ५० ग्रेडला किमान १६.३. म्हणजे ऐन गरम असताना ६८ नंबर सगळ्यात पातळ. तेवढ्या फरकाने नवं युनिट मरत नाही, पण झिजलेल्याला तो शेवटचा धक्का. काही कंपन्या आपल्या युनिटला २०डब्ल्यू-५० सांगतात. तुमच्या पुस्तकात जे असेल तेच घाला, शेजाऱ्याचं बघून नको.

मैदानकरी, खोलताना जोडामध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नकोस. सगळे बोल्ट काढ, नायलॉनच्या हातोडीने कानांवर टकटक कर, डॉवेल, म्हणजे दोन भाग जुळवून धरणाऱ्या पिना, सुटतील. पिस्टन ज्या भोकातला त्याच भोकात जायला हवा.

---

मैदानकरी_दादर

झालं. सविस्तर लिहितो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

रविवारी दुपारी युनिट उतरवलं. बाहेरून आधी रॉकेलने आणि ब्रशने धुतलं, वाळू आत जाऊ नये म्हणून. केसिंग उघडल्यावर तळाच्या चुंबकांवर राखाडी लगदा साठलेला दिसला, बोटावर घेतला तर पेन्सिलच्या शिशासारखा लागतो. तो सगळा गिअरचा चुरा. गिअर आणि पंप एकाच तेलात, मग तो पंपातून फिरणारच. फिल्टरची जाळी निम्मी बुजलेली.

पिस्टन पंपाचे ५, मोटरचे ५, प्रत्येकाच्या पोटात एक स्प्रिंग. घरातलं जुनं इडलीपात्र आणलं, खड्ड्यांवर मार्करने आकडे घातले आणि एकेक पिस्टन स्प्रिंगसकट आपापल्या खड्ड्यात ठेवला. आईला इडलीपात्र परत मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं.

मग मधला केस. पुसून उजेडात तिरका धरला आणि ते दिसलं. पंपाच्या बाजूच्या चेहऱ्यावर एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत गेलेला, केसाएवढा चकचकीत चरा. नख फिरवलं तर अडकतं. काका, तुम्ही लिहिलं होतं ते डोळ्यांनी बघितलं. कितीतरी वेळ मी तो नुसता हातात धरून बसलो होतो. सव्वा लाखाचं दुखणं एवढंसंच होतं.

मोटरच्या बाजूला फक्त धुरकट डाग होते. चेहऱ्यावर निळी शाई पातळ लावून ब्लॉक त्यावर फिरवला, तर शाई एका कडेलाच पुसली गेली, म्हणजे पंपाकडचा चेहरा सपाटही राहिला नव्हता. चरा हाताने घासून जाण्याइतका उथळ नव्हता. साकीनाक्याला एका सरफेस ग्राइंडरवाल्याकडे नेला, त्याने ०.०५ मिलिमीटर उतरवलं आणि म्हणाला, पुरे, आता हाताने कर. पिस्टनांच्या स्प्रिंगा तेवढी उंची भरून काढतात.

पुढे घरीच. १२ मिलिमीटर जाड काच, तिच्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर, वर रॉकेल. केस पालथा ठेवून, जोर न लावता, इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवला. दर २० फेऱ्यांनी पाव वळसा. ब्लॉकचा चेहराही तसाच. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी निळी शाई सगळीकडे सारखी पुसली गेली, खाचांच्या कडांपर्यंत. मग सगळे भाग तीनदा धुतले, कारण पेपरचा एक कण आत राहिला तर पुन्हा चरा.

ऑइल सील नागदेवी स्ट्रीटवरून आणले. जुने सोबत नेले, त्यांच्यावरचे तीन आकडे, म्हणजे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, जुळवून घेतले. इनपुट शाफ्टला व्हायटॉन रबराचा घेतला, थोडा महाग पण उष्णता जास्त सोसतो. जोडाला सिलिकॉन अगदी बारीक ओळीत लावलं. जास्तीचं आत ओघळून फिल्टरवर बसलं तर सगळी मेहनत वाया.

हवा काढायचं काम घाईने करू नका. मागची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचललेली, पुढची दगड लावून अडवलेली. बायपास उघडा ठेवून, इंजिन मंद, पेडल पुढे-मागे ६-६ वेळा. मग बायपास मिटून तेच. सुरुवातीला कुत्र्याच्या पिल्लासारखं कुईं कुईं करत होतं आणि चाकं झटके देत होती. चौथ्या खेपेला आवाज बसला. तेलाची पातळी खाली गेलेली, ती भरली. मग जमिनीवर उतरवून पुन्हा थोडं पुढे-मागे.

आता काट्याचे आकडे, त्याच खांबाला, त्याच सिमेंटवर. थंड ९१ किलो. ३० मिनिटं कापल्यावर ७६. तापमान ७३ अंश. रॅम्पवर मधोमध थांबवला आणि पुन्हा चालू केला, चढला. तीनदा केलं.

---

गोदीतला_फिटर

शाब्बास. ३१ चे ७६ म्हणजे काम झालं. ९१ आणि ७६ मधला फरक राहणारच, पिस्टन आणि भोकांची झीज आपण काढलेली नाही.

आता दोन गोष्टी. पहिल्या १० तासांनंतर तेल पुन्हा बदल, लॅपिंगचा, म्हणजे काचेवर घासल्याचा, आणि गिअरचा उरलेला चुरा तेव्हा बाहेर येतो. ड्रेन नाही, तर भरायच्या तोंडातून नळीने शोषून काढ, शक्य तेवढं. आणि खरं सांग, या ट्रॅक्टरला मागे काय लावतोस?

---

मैदानकरी_दादर

खरं सांगायचं तर रोलर. खेळपट्टीचा जड नाही, आउटफिल्डचा हलका, पाण्याचा. आणि सामन्याआधी मातीची ट्रॉली.

---

गोदीतला_फिटर

मग चरा कुठून आला ते कळलं. गवत कापणं हे त्या युनिटला झेपतं. रोलर ओढणं म्हणजे सतत पूर्ण दाबावर काम, आणि पाण्याने भरलेला रोलर सुरू करताना जो धक्का बसतो तो सरळ त्या तेलाच्या पापुद्र्यावर. ट्रॉली अर्धी भर, दोन खेपा कर. रोलर लावू नकोस.

---

ठाण्याची_नर्सरी

आज माझ्या ट्रॅक्टरचा पंखा बघितला. दोन पाती नाहीत, आणि गवत गच्च. मातीची ट्रॉलीही मी त्यालाच लावते. उद्या सकाळी खरवडते आणि काटा आणून आकडे घेते.

---

मैदानकरी_दादर

ताई, खरवडण्याआधी एकदा मोजा आणि नंतर एकदा, म्हणजे तेवढ्यानेच किती फरक पडतो ते कळेल. गरम असतानाचा आकडा जास्त महत्त्वाचा.

काका, रोलर सोडवला. दोन मुलं आणि मी हाताने ओढतो, आउटफिल्डला एक सकाळ जास्त लागते. १० तास काल पूर्ण झाले. तेल शोषून काढलं, पांढऱ्या फडक्यावर ओतून बघितलं. राखाडी छटा आहे, पण कण बोटाला लागत नाहीत. नवं भरून पुन्हा काटा लावला, गरम असताना ७७.