मदत हवी आहे : पेटीच्या स्प्रिंगा घरी केल्या, पण दाबल्यावर त्या मागे येत नाहीत

खानापूरकर (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या पेटीच्या चार स्प्रिंगा गेल्या आहेत. तशाच बाजारात मिळेनात, म्हणून काल रात्री बसून मी घरीच सहा करून पाहिल्या. आकार जुन्यासारखा आला आहे, वेढे मोजून तितकेच घेतले आहेत, पण बसवून दोन-तीन वेळा दाबले की त्या दबलेल्याच राहतात. येत्या सोमवारी गावात सप्ताह बसतो आहे, त्यामुळे ‘नवीन घ्या’ असे उत्तर कृपया कोणी देऊ नये. माझे नेमके काय चुकले, एवढेच ज्यांनी स्वतःच्या हाताने स्प्रिंग केली आहे त्यांनी सांगावे.

निपाणीकर
आमच्याकडे आजोबांच्या वेळची लोखंडी पेटी आहे आणि तिच्या झाकणाच्या स्प्रिंगा अशाच निकामी झाल्या होत्या. झाकण उचलून धरायला ताणाची स्प्रिंग लागते, म्हणजे वेढे एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही टोकांना आकडे. झाकण जड असेल तर घरी केलेली स्प्रिंग त्याचे वजन पेलणार नाही. त्यापेक्षा बाजूला दुमडती पट्टी टेकणीसारखी लावून घ्यावी, म्हणजे झाकण हातावर पडण्याची भीती राहत नाही. आम्ही तेच केले आणि आजही ते व्यवस्थित चालू आहे.

खानापूरकर
पेटी म्हणजे हार्मोनियम. सप्ताह लिहिले होते, म्हणून वेगळे सांगावे लागेल असे वाटले नाही. सुराची पट्टी बोटाने दाबतो, तिच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या स्प्रिंगांबद्दल मी विचारतो आहे.

उद्यमबागेतला टर्नर
खानापूरकर, आपण आकार आणि वेढे सांगितलेत, पण ज्यावर सगळे अवलंबून आहे ते सांगितलेच नाही. तार कोणती घेतली, तिची जाडी किती, ती कशावर गुंडाळली, आणि गुंडाळण्याआधी किंवा नंतर तिला उष्णता दिली का? शिवाय वेढे कोणत्या हाताचे, म्हणजे उजवीकडे फिरलेले की डावीकडे, तेही पाहा. एवढे कळल्याशिवाय जे उत्तर मिळेल ते अंदाजाचे असेल.

खानापूरकर
मित्राच्या व्हर्नियरने जुनी स्प्रिंग मोजली. तार ०.९ मिमी, वेढ्याचा आतला व्यास ७ मिमी, वेढे अडीच. नवीन तारही ०.९ मिमीचीच आहे. बेळगावला दुकानात ‘कडक तार द्या’ म्हणून मागितली होती, दिसायला चकचकीत आहे. मापे तंतोतंत आहेत, म्हणूनच मला कोडे पडले आहे.

चिकोडीचा लोहार
कोडे काही नाही. तुम्ही तिला पाणी दिलेले नाही, म्हणजे लाल तापवून झटकन विझवलेले नाही. पोलाद नुसते वाकवून स्प्रिंग होत नसते. आमच्या घरात तीन पिढ्या ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयते आणि विळे होतात, आणि पाणी नीट बसले नाही तर धार पहिल्याच दिवशी दुमडते. स्प्रिंगचेही तसेच आहे. आधी ती लाल करावी, इतकी की लोहचुंबक तिला चिकटेनासा व्हावा, मग तेलात बुडवावी. त्यानंतर वरचा काळा थर घासून ती उजळ करावी आणि मंद आचेवर पुन्हा तापवावी. रंग आधी पिवळा, मग तांबूस आणि मग निळा चढतो. निळा दिसला की थांबावे. या दुसऱ्या तापवण्याशिवाय ती तुटेल आणि पहिल्याशिवाय ती वाकेल.

खानापूरकर
काका, पाणी दिले आहे. तार गुंडाळायला जड जात होती, म्हणून गॅसवर लाल करून गुंडाळली आणि तशीच पाण्याच्या बादलीत टाकली. सगळे असेच करत असतील असे समजून मी ते आधी लिहिले नाही. गुंडाळताना थोडा पांढरा धूर आला होता, पण तो लगेच थांबला.

उद्यमबागेतला टर्नर
आता उलगडा झाला. तो पांढरा धूर जस्ताचा आहे. आपल्याला दुकानदाराने जस्त चढवलेली साधी तार दिली आहे, कुंपणाला किंवा बांधायला वापरतात तशी. तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून ते काम पुन्हा करू नका, बंद स्वयंपाकघरात तर मुळीच नको. त्या तारेत कार्बन फार कमी असतो, त्यामुळे ती कितीही तापवली आणि कितीही विझवली तरी स्प्रिंगसारखी कडक होणार नाही.

ओळखायची साधी रीत अशी. न तापवलेला हातभर तुकडा घ्या, तो जेवणाच्या ताटाएवढ्या गोलाईत वाकवा आणि हळूच सोडा. स्प्रिंगची तार पुन्हा सरळ होते आणि बांधायची तार वाकलेलीच राहते. आपण आत्ताच करून पाहा.

चिकोडीचा लोहार
टर्नर म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते मला तुमच्या वर्णनावरूनही पटते. खरोखर कार्बनचे पोलाद असते आणि लाल असताना पाण्यात गेले असते, तर इतकी बारीक तार काचेसारखी तुटली असती. तुमची वाकून राहते आहे. एकतर ते पोलाद नाही, नाहीतर ज्योतीतून बादलीत जाईपर्यंत ती गार झाली. ०.९ मिमीची तार ज्योतीबाहेर आली की क्षणभरात काळी पडते. माझे म्हणणे एवढेच आहे की योग्य पोलाद घेऊन माझ्या रीतीने केले, तर काम होते.

उद्यमबागेतला टर्नर
काका, कमानपाट्याच्या बाबतीत आपले शंभर टक्के बरोबर आहे, पण या कामाला ती रीत लावू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बारीक स्प्रिंगांसाठी जी तार मिळते, जिला पियानो वायर किंवा म्युझिक वायर म्हणतात, ती कारखान्यातच थंड अवस्थेत साच्यातून ओढून ओढून बारीक केलेली असते आणि तिचा बराचसा कडकपणा त्या ओढण्यातून येतो. तिला आपण लाल केले की तो कडकपणा निघून जातो. मग पुन्हा तेलात विझवा आणि निळी करा, एवढ्या बारीक तारेला घरच्या गॅसवर सगळीकडे सारखे पाणी बसत नाही. एक वेढा कडक आणि शेजारचा मऊ, अशी ती स्प्रिंग होते. म्हणून ही तार थंडच गुंडाळायची.

वडगावचा मागवाला
आमच्या घरी यंत्रमाग आहेत आणि मागाच्या तुटलेल्या स्प्रिंगांचा डबाच भरलेला असतो. त्यातली एखादी उलगडून सरळ करा आणि पुन्हा गुंडाळा, तार खात्रीची मिळेल. आणि ताणाची स्प्रिंग करत असाल तर गुंडाळतानाच वेढे घट्ट एकमेकांवर दाबून घ्यावेत, म्हणजे तिच्यात आधीपासूनच थोडा ताण राहतो आणि सुरुवातीलाच ती सैल पडत नाही. आमच्या मागावर हा अनुभव रोजचा आहे.

खानापूरकर
ताणाची स्प्रिंग मला नको आहे. पट्टीची स्प्रिंग कपड्यांच्या चिमट्यातल्या स्प्रिंगसारखी असते, मधे वेढे आणि दोन्हीकडे पाय.

उद्यमबागेतला टर्नर
मागाची स्प्रिंग उलगडणे मला योग्य वाटत नाही. एकदा गुंडाळलेली तार पूर्ण सरळ होत नाही, तिच्यात बारीक लाटा राहतात आणि त्या जागी ती पुढे तुटते. शिवाय मागाची तार जाड असणार. जाडीचा परिणाम किती मोठा असतो ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ०.९ ऐवजी १ मिमी घेतली, बाकी सगळे तेच ठेवले, तरी जोर दीडपट होतो.

येळ्ळूरचा सायकलवाला
मग सायकलची आरी का वापरत नाही? पोलादी असते, थंडच वाकते आणि कुठेही मिळते. मी मुलाच्या खेळण्याला तिची स्प्रिंग करून दिली होती.

उद्यमबागेतला टर्नर
आरी साधारण २ मिमीची असते. वरच्याच हिशेबाने तिचा जोर ०.९ मिमीच्या तारेच्या सुमारे २४ पट होईल. ती पट्टी बोटाने दाबली जाणार नाही.

शहापूरचा पेटीवादक
मी चाळीस वर्षे पेटी वाजवतो आणि जुन्या पेट्या उघडून दुरुस्तही करतो, म्हणून कारागिराच्या नव्हे, तर वाजवणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. पट्टीची स्प्रिंग फार जोराची झाली तर द्रुत लयीत बोट थकते. ती सैल झाली तर पट्टीखालची चामड्याची गादी भोकावर नीट बसत नाही आणि भाता मारताच न दाबलेला सूर बारीक आवाजात बोलत राहतो. भजनात तो सूर सगळ्यांच्या कानांना टोचतो. म्हणून चारही स्प्रिंगा शेजारच्या जुन्या स्प्रिंगांशी जुळायला हव्यात. त्यासाठी वजनकाटा लागत नाही. भाता न मारता शेजारच्या चांगल्या पट्टीच्या पुढच्या टोकावर एकेक नाणे ठेवत जावे आणि किती नाण्यांना ती खाली बसते ते मोजावे. नवीन स्प्रिंगच्या पट्टीवर तीच नाणी त्याच जागी ठेवून पाहावे. एका नाण्याचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर ती स्प्रिंग बाजूला काढावी.

आणखी एक. पुष्कळ जुन्या पेट्यांत पितळी स्प्रिंगा असतात, कारण पावसाळ्यात पोलाद लवकर गंजते. आपली जुनी स्प्रिंग पिवळी आहे का ते आपण सांगितलेले नाही.

खानापूरकर
जुनी काळपट आहे, लोहचुंबक चिकटतो. ताटाच्या गोलाईची परीक्षा केली. माझी तार वाकलेलीच राहिली. म्हणजे सगळी रात्र वाया गेली. आता पियानो वायर मिळाली तर पुढे नेमके काय करायचे, ते एकदा क्रमाने सांगाल का?

उद्यमबागेतला टर्नर
सांगतो. आधी सावधगिरी. ही तार गुंडाळताना ताणलेली असते आणि हातून सुटली तर टोक चाबकासारखे येते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. साध्या पक्कडीने ती कापू नका, पात्याला खाच पडते. कानशीने चर पाडा, दोन्ही बाजू धरून मोडा आणि टोक खालच्या दिशेला ठेवा.

एका जाड फळीत ६ मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी उभी घट्ट ठोका, आणि तिच्या शेजारी तारेपुरती फट ठेवून एक मजबूत खिळा मारा. तार त्या फटीत अडकवायची, पहिल्या पायाची लांबी सोडायची आणि तार सतत ताणलेली ठेवून दांडीभोवती हाताने फिरवायची. सोडली की वेढा मोठा होणार, कारण थोडी तार परत सरळ व्हायला बघते. म्हणून दांडी नेहमी हव्या असलेल्या व्यासापेक्षा लहान घ्यावी लागते. किती लहान ते तारेवर ठरते, म्हणून पहिली स्प्रिंग मोजण्यासाठीच करा. वेढे मोठे झाले की पायांमधला कोनही बदलतो, त्यामुळे अडीच वेढे हवे असतील तर थोडे पुढे नेऊन सोडावे लागते.

दिशा विसरू नका. पट्टी दाबल्यावर वेढे आवळले गेले पाहिजेत. उलट्या हाताने गुंडाळलेली स्प्रिंग पट्टी दाबली की उघडत जाते आणि फार दिवस टिकत नाही. जुनी स्प्रिंग समोर ठेवून गुंडाळा.

गुंडाळून झाल्यावर तार कोरडी पुसून घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि तशीच हवेत गार होऊ द्या. याने कडकपणा जात नाही, वाकवताना आत राहिलेला ताण तेवढा निघतो आणि स्प्रिंग पुढे आपला आकार सोडत नाही. रंग गवतासारखा पिवळसर येईल. निळी झाली तर आच जास्त झाली असे समजा. पोलादी स्प्रिंग यात किंचित आवळली जाते, म्हणून आधी एकच भाजून मोजा.

चिकोडीचा लोहार
हे मला मान्य आहे. आमच्या रीतीत निळा रंग हवा असतो, कारण आधी ते काचेसारखे कडक झालेले असते. इथे कडकपणा आधीच हवा तेवढा आहे. गंज काढायला आम्लात मात्र बुडवू नका, कडक पोलाद त्याने ठिसूळ होते. शिवणयंत्राचे तेल बोटाने लावा.

खानापूरकर
काल बेळगावला जाऊन तार आणली. या वेळी दुकानातच ती गोल वाकवून सोडून पाहिली, लगेच सरळ झाली. आधीच्या खेपेला मी काउंटरवर कन्नडमध्ये नुसती ‘तंती’ मागितली होती, तिथेच गफलत झाली असावी. ६ मिमीच्या दांडीवर आतला व्यास ६.६ आला, म्हणून ६.५ ची दांडी घेतली, त्यावर ७.२ आला. शेजारच्या वहिनींच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजल्यावर तो ७.१ झाला. तीन स्प्रिंगा बसवल्या आहेत. शेजारच्या पट्टीला सहा नाणी लागतात, यांना सहा, सहा आणि सात. न दाबलेला सूर आता बोलत नाही. चौथी मात्र पायाच्या टोकाचा आकडा वळवताना तुटली.

उद्यमबागेतला टर्नर
आकडा पक्कडीच्या धारेवर काटकोनात वळवला असेल. तिथे तारेच्या जाडीएवढी तरी गोलाई हवी. पक्कडीच्या जबड्याला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळा, म्हणजे तारेवर ओरखडा पडणार नाही, आणि एका बारीक खिळ्याभोवती आकडा फिरवून घ्या. मात्र हे भाजण्याआधी करा.

खानापूरकर
भाजल्यानंतर वळवत होतो. आज रात्री पुन्हा करतो.