‘फाईल माझी, फोन माझा’: मग डेटाबेसात पाथ कोणी लिहून ठेवला?

नारायणपेठी
काल इथे, ॲप बनवणाऱ्यांच्या या फोरमवर, कोणीतरी लिहिलंय: ‘सँडबॉक्स (प्रत्येक ॲपला त्याच्याच फोल्डरात कोंडणारी व्यवस्था) म्हणजे स्वतःच्याच घरात भाडेकरू. आयफोनवर अपडेट आलं की फाईली गायब, अँड्रॉइडने डेटा फोल्डरला कुलूप घातलं. सगळं सरळ डॉक्युमेंट्समध्ये टाका, वापरकर्ता बघून घेईल.’ खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

फाईल गायब होत नाही, पत्ता बदलतो. आयओएसवर ॲपच्या डेटा कंटेनरच्या (ॲपच्या खासगी जागेच्या) पाथमध्ये, म्हणजे पत्त्यात, एक यूयूआयडी (लांबलचक ओळखखूण) असतो. अपडेट किंवा रिस्टोअरनंतर तो तोच राहील याची हमी नाही. फाईली नव्या जागी सुखरूप येतात, पण तुम्ही एसक्यूलाइटच्या (फोनमधल्या डेटाबेसाच्या) कॉलममध्ये जुना पाथ मुळापासून शेंड्यापर्यंत लिहिलेला असतो. पेठेतला वाडा पाडून इमारत झाली, बिऱ्हाडं तीच, जिना नवा; आणि तुम्ही जुन्या जिन्याची पायरी शोधताय. डेटाबेसात फक्त ‘पावत्या/४२.पीडीएफ’ एवढंच ठेवा. त्याच्या आधीचा भाग दर वेळी सिस्टिमला विचारा आणि जोडा.

आता ‘सगळं डॉक्युमेंट्समध्ये’. फाईल शेअरिंगची आणि जागेवरच उघडण्याची, अशा दोन्ही कीज इन्फो-प्लिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये) चालू केल्या की हे फोल्डर फाईल्स ॲपमध्ये दिसतं. तुमचा डेटाबेसही दिसतो. जागा कमी पडली की कोणीतरी ‘हे काय आहे’ म्हणून तो उडवणारच. डेटाबेसाची जागा लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट. ते फोल्डर आयतं मिळेलच असं नाही, आधी तयार करा, नाहीतर पहिलंच लिहिणं फसतं. पुन्हा डाउनलोड होऊ शकेल ते कॅशेसमध्ये. फोन भरला आणि ॲप बंद असलं की सिस्टिम तिथे झाडू मारते, न विचारता.

खराडी_बायपास
ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

पाथचं मान्य. बाकीचं नाही. ॲप काढलं की कंटेनर जातो, आत वापरकर्त्याचे स्कॅन असले तरी. अँड्रॉइड ११ पासून साधा फाईल मॅनेजर इतर ॲपच्या डेटा फोल्डरात डोकावू शकत नाही. सिस्टिमच्या पिकरमधून (फाईल निवडायच्या खिडकीतून) अख्खं डाउनलोड फोल्डर किंवा स्टोरेजचं मूळ निवडता येत नाही. ही सुरक्षा? भाडेकरूला निदान सामान घेऊन जाता येतं.

एडीबी_शेल
सामान नेता येतं, तुम्ही दार दाखवत नाही. अँड्रॉइड १० पासून मीडियास्टोअरच्या (अँड्रॉइडच्या सामाईक फाईल-नोंदवहीच्या) डाउनलोड्स संग्रहात लिहायला कसलीच परवानगी लागत नाही. नोंद करताना ‘पेंडिंग’ १ ठेवा, बाइट्स ओता, मग ० करा. अर्धवट फाईल कोणाला दिसत नाही. ॲप काढलं तरी ती राहते. मात्र ॲप पुन्हा टाकल्यावर त्या फाईलची मालकी तुमच्याकडे परत येत नाही, वापरकर्त्याला पिकरमधून दाखवावी लागते. खासगी जागेतलंही जपायचं असेल तर मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये) ‘हॅज फ्रॅजाइल यूजर डेटा’ लावा, काढताना सिस्टिम विचारते डेटा ठेवायचा का. हेही १० पासूनचंच.

आणि पिकरमधून आलेल्या कंटेंट यूआरआयचा (फाईलकडे नेणाऱ्या दुव्याचा) पाथ शोधणं थांबवा! लोक अजून पाथसाठी नोंदवहीतला डेटा कॉलम खरवडतात. ड्राइव्हवरच्या फाईलला पाथ असतोच कुठे? रिझॉल्व्हरकडून (असे दुवे उघडून देणाऱ्या सिस्टिमच्या भागाकडून) स्ट्रीम उघडा आणि वाचा. नंतरही लागणार असेल तर टिकाऊ परवानगी घ्या, नाहीतर फोन रीस्टार्ट झाला की सिक्युरिटी एक्सेप्शन, म्हणजे परवानगी नसल्याची एरर. त्या परवानग्यांनाही मर्यादा आहे: ११ पासून ५१२, त्याआधी १२८. शंभर फायलींची वेगळी परवानगी घेण्यापेक्षा एका फोल्डरची घ्या.

खराडी_बायपास
म्हणजे दार आहे, फक्त सात जिने चढून. क्लायंट म्हणतो ‘ऑल फाईल्स ॲक्सेस’ घ्या आणि मोकळे व्हा.

एडीबी_शेल
घ्या की. मग प्ले स्टोअरला लेखी सांगा की तुमचं पावती-ॲप फाईल मॅनेजर कसं. शुभेच्छा.

मुळशी_तालुका
तुम्ही ‘कुठे’वर भांडताय, आधी ‘काय नावाने’ ते बघा. स्कॅनर ॲपमध्ये आपला माणूस पहिलं शीर्षक काय देतो? ‘७/१२’. शीर्षक थेट फाईलचं नाव केलं तर तिरकी रेघ म्हणजे फोल्डर. ‘७’ नावाचं फोल्डर नाही, म्हणून एरर. मग कोणी हुशार ‘मधली फोल्डरं आपोआप बनव’ चालू करतो. एरर जाते, आणि सगळ्या गावांचे उतारे ‘७’ फोल्डरात ‘१२.पीडीएफ’ म्हणून एकावर एक लिहिले जातात. शेवटचा तेवढा उरतो. तिरक्या रेघेच्या जागी साधी आडवी रेघ टाका. तिच्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह नको, शोधताना ते कोणी टाइप करत नाही.

नारायणपेठी
हा धागा जागेबद्दल आहे, तलाठी कार्यालयाबद्दल नाही.

मुळशी_तालुका
फाईल ‘सापडत नाही’ असंच लिहिलंत ना वर? मग ऐका. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो. ‘ऱ’ हा एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला एक क्रमांक). किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). किंवा जुन्या कीबोर्डवरचा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडक. डोळ्याला तिन्ही एक. पहिले दोन एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) केल्यावर एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो.

एडीबी_शेल
यात आणखी गंमत: स्विफ्टमध्ये (आयफोन ॲपची भाषा) पहिल्या दोन स्ट्रिंगांची तुलना ‘समान’ येते. कॉटलिनमध्ये (अँड्रॉइड ॲपची भाषा) ‘असमान’. एसक्यूलाइटमध्येही असमान, तिथे बाइट्स बघतात. एकच बग, आयओएसवाला म्हणतो माझ्याकडे नाही, आणि अर्धा दिवस मीटिंग.

मुळशी_तालुका
शिवाय लांबी. अँड्रॉइडच्या आतल्या फाईलसिस्टिमवर नावाला २५५ बाइट्स. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट्स, म्हणजे जेमतेम ८५, आणि ‘श्री’च एकटी १२ बाइट्स खाते. एक्स्टेन्शनची जागा सोडून मोजा, आणि बाइट्सवर कात्री लावू नका, अक्षर मधोमध फाटतं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही एवढं एक सुख. इंग्रजी नावं मॅकवरच्या सिम्युलेटरमध्ये (नकली आयफोनमध्ये) बहुधा कशीही चालतात, आयफोनवर नावातला ‘एल’ मोठा का लहान यावर चित्र गायब.

नारायणपेठी
याला उत्तर सोपं आहे. डिस्कवरचं नाव यूयूआयडी, शीर्षक डेटाबेसात. तिन्ही प्रकारचे ‘दुसऱ्या’ आपोआप निकालात.

मुळशी_तालुका
वा! आणि डॉक्युमेंट्स फाईल्स ॲपमध्ये उघडं ठेवायचं म्हणता, तिथे वापरकर्त्याला छत्तीस अक्षरांचा मंत्र दिसणार. तो काय ओळखणार?

नारायणपेठी
उघडं ठेवा असं मी म्हटलेलं नाही. ठेवलं तर काय दिसतं ते सांगितलं. वाचायचेही कष्ट घ्या. पण हो, दाखवायची प्रत असेल तर तिला माणसाचं नाव हवं. आत यूयूआयडी, एक्स्पोर्टच्या वेळी शीर्षकावरून नाव बनवा, साफ करा, त्या नावाची आधीच असेल तर मागे आकडा लावा. एवढं तुमचं मान्य.

मुळशी_तालुका
उपकार झाले.

खराडी_बायपास
बरं, मोठ्या फाईलींचं काय? ऑफलाइन नकाशे कॅशेसमध्ये ठेवले तर सिंहगडावर पोचेपर्यंत सिस्टिमने उडवलेले असायचे.

नारायणपेठी
ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये ठेवा आणि ‘बॅकअपमधून वगळा’ लावा. फाईल अटॉमिक पद्धतीने (आधी नवी पूर्ण लिहून) सेव्ह केली की जुनीच्या जागी नवी येते आणि खूण पुसली जाते, म्हणून दर सेव्हनंतर पुन्हा लावा. अँड्रॉइडवर नो-बॅकअप फोल्डर आहे. ऑटो बॅकअपला एका ॲपमागे २५ एमबी मिळतात. नकाशे त्यात घुसले तर चिमूटभर सेटिंग्जचाही बॅकअप होत नाही.

खराडी_बायपास
ठीक. डेटाबेस डॉक्युमेंट्समधून ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये हलवतो, पाथचा कॉलम उडवतो. सँडबॉक्सबद्दलचं मत तेच आहे, नोंद असावी.

एडीबी_शेल
हलवायच्या आधी कनेक्शन बंद करा आणि डीबीबरोबर वॉलची (मुख्य फाईलमध्ये अजून न गेलेल्या नोंदींची) फाईलही न्या. नुसती डीबी उचललीत तर शेवटच्या नोंदी मागे राहतात, आणि परवा इथेच ‘अपडेटनंतर डेटा गायब’ नावाचा नवा धागा निघेल.

खराडी_बायपास
निघाला तर शीर्षकात तिरकी रेघ टाकतो, तुम्हाला सापडायला नको.