अनुभव धागा : रानवाटेवरचा मधला दिवस

अनेक दिवसांच्या जंगल-भटकंतीविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा शेवटच्या कड्यावर किंवा गडाच्या माथ्यावर रेंगाळतो. मधला दिवस, ज्या दिवशी गड नसतो, शिखर नसते, केवळ एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत झाडीतून चालत राहायचे असते, तो मात्र दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते सोबत्यांचा स्वभाव त्याच दिवशी कळतो, कारण मिरवण्यासारखे काही हाती लागत नाही आणि पाठीवरचे ओझे मात्र कायम असते. आपणही असा दिवस अनुभवला असेल तर कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

आम्ही रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे निघालो होतो. रात्र रतनगडावरच्या गुहेत काढून सकाळी शिड्यांच्या वाटेने उतरलो आणि रतनवाडीकडे न जाता कात्राबाईच्या खिंडीकडे वळलो. या टप्प्यातले रान इतके दाट आहे की नोव्हेंबरातल्या भर दुपारीही जमिनीवर कवडसेच पडतात. हिरडा, जांभूळ, उंबर आणि त्यांच्याखाली माणसाच्या उंचीच्याही वर गेलेली कारवी. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि ते वर्ष फुलण्याचे नव्हते, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त तिच्या काठ्या आल्या : पुढच्याने बाजूला सारलेली काठी मागच्याच्या तोंडावर बसत असे. त्याहून मोठा त्रास ढोरवाटांचा. मळलेल्या वाटेसारखी दिसणारी ढोरवाट थोड्याच अंतरावर झुडपात विरून जाते. आमच्यातल्या एका मैत्रिणीने, जी सह्याद्रीत आम्हा सर्वांहून अधिक हिंडली आहे, सकाळीच नियम घालून दिला होता की फाटा आला की सर्वांनी सॅक उतरवून बसायचे, दोघांनीच पुढे जाऊन वाट पाहून यायची आणि हाकेच्या टप्प्याबाहेर कोणीही जायचे नाही. या वारंवार बसण्याला काहीजण वैतागले. तथापि अशाच एका सक्तीच्या बैठकीत डोक्यावरच्या फांद्यांतून शेकरू सरकत गेले. आम्ही बडबडत चालत असतो तर ते दिसण्याची आशा नव्हती.

खिंडीत उभे राहिल्यावर मागे प्रवरेचे खोरे राहते आणि पुढे मुळेचे सुरू होते. (पुण्याची मुळा वेगळी. ही मुळा पुढे नेवाशाजवळ प्रवरेलाच मिळते.) समोर आजोबाचा डोंगर आणि त्याच्याही पलीकडे हरिश्चंद्रगड पाहून एका मित्राने "उद्या तिथपर्यंत?" असे विचारले, तेव्हा सर्वांनी त्याला दशम्या देऊन गप्प केले. कुमशेतकडचा उतार गुडघ्यांना महाग पडला. गावात एका घरी जेवण आणि अंगणात झोपण्यास जागा मिळाली. पुढे पाचनईमार्गे गडावर गेलो. ते वर्णन येथे करत नाही.

* * *

माझा मधला दिवस उत्तराखंडातील हर की दूनच्या वाटेवरचा आहे. महाविद्यालयापासूनच्या आम्ही मैत्रिणी संसार, नोकऱ्या सांभाळून प्रथमच इतक्या दिवसांसाठी एकत्र बाहेर पडलो होतो. सूपिन नदीच्या काठाने देवदारांतून चालताना ओसला गावाजवळ लालभडक शेते दिसली आणि तो राजगिरा आहे हे समजल्यावर, ज्या धान्याचे लाडू एकादशीला निमूटपणे खातो त्याचे शेत आपण कधी पाहिलेच नव्हते, याचे सर्वांना नवल वाटले. त्यानंतर झाडी विरळ होत गेली आणि वर भूर्जवृक्ष लागले. आमच्यातली एक विरळ हवेमुळे सावकाश चालत होती. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे स्वभाव तेव्हाच कळले : सर्वांत घाईची म्हणून प्रसिद्ध असलेली मैत्रीण दिवसभर तिच्या मागे राहिली, तर "एकमेकींना सांभाळू" असे घरून निघताना सांगणारी सर्वांत आधी तंबूत पोहोचून चहा पीत बसली होती. तिच्यावर आम्ही आजही तोंडसुख घेतो.

* * *

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे थोडे दूरचे उदाहरण देतो. व्हर्जिनिया राज्यातील शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानातून अॅपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट जाते. तेथे वाट चुकण्याची धास्ती फारशी नाही, कारण झाडांच्या खोडांवर ठरावीक अंतराने पांढरे पट्टे रंगवलेले असतात. काळजी असते ती काळ्या अस्वलांची. म्हणून खाद्यपदार्थ तंबूत ठेवत नाहीत. निवाऱ्याजवळच्या उंच लोखंडी खांबाला टांगतात. आमच्या गटातील एका सोलापूरकराने शेंगदाण्याची चटणी आणली होती. ती अन्नात मोडत नाही, मसाल्यात मोडते, असा त्याचा युक्तिवाद होता. बराच वाद होऊन अखेर चटणीही खांबावर गेली.

* * *

वरील अनुभव वाचताना एक बाब नमूद करावीशी वाटते. साताऱ्याकडच्या वासोटा किल्ल्याच्या जंगलात आता मुक्काम करता येत नाही; बामणोलीहून नावेने शिवसागर जलाशय ओलांडून जायचे आणि दिवस मावळण्याआधी परतायचे. काही मित्रांना हे जाचक वाटते. मला वाटत नाही. कोयना अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि रात्री तरी ते रान गव्यांना आणि अस्वलांना मोकळे असावे. आम्ही तीन दिवसांच्या भटकंतीतला मधला दिवस त्या जंगलात घालवला आणि दोन्ही रात्री जलाशयाच्या अलीकडे राहिलो. त्यात काही उणे वाटले नाही. कात्राबाईच्या वाटेवर पाणी कुठे मिळते, हे मात्र धागाकर्त्यांनी सांगावे.

* * *

दिवाळीच्या सुमारास खिंडीच्या अलीकडच्या ओढ्यांत पाणी असते. आम्ही तेच गाळून प्यायलो. उन्हाळ्यात या ओढ्यांवर विसंबू नये. रतनगडावरच्या टाक्यातून कुमशेतपर्यंत पुरेल एवढे पाणी प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावे, एकाच्या सॅकमध्ये सर्वांचे नको.