छाती किती फुगते: टेप काखेखाली की खाली?

मुक्ता_योग: वर्गातल्या लोकांची छाती टेपने मोजतेय. श्वास सोडल्यावर आणि भरल्यावर काखेखाली एक फरक येतो, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकाशी दुसराच. सगळ्या बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या, मग असं का? कोणता आकडा धरायचा?

अस्थिपंजर: जोडलेल्या आहेत, पण सारख्या नाहीत. बरगडी मागे दोन जागी टेकते: तिचं डोकं मणक्याच्या मुख्य भागाला आणि डोक्यापासून जरा बाहेरच्या बाजूला असलेली गाठ मणक्याच्या आडव्या काट्याला (बाजूला निघालेल्या हाडाला). या दोन जागा जोडणारी रेघ म्हणजे बिजागरीची सळई. वरच्या बरगड्यांत ही सळई बरीचशी डावी-उजवी असते. त्यामुळे पुढचं टोक वर जातं आणि उरोस्थी पुढे-वर सरकते, हापशाच्या दांड्यासारखी. सातवी ते दहावीत तीच सळई मागच्या दिशेला तिरकी होते, म्हणून बरगडीचा मधला भाग बादलीच्या कडीसारखा बाहेर उचलला जातो. प्रत्येक बरगडीत दोन्ही हालचाली असतात, प्रमाण तेवढं बदलतं. अकरावी-बारावी मात्र पुढे मोकळ्या, आणि त्यांना आडव्या काट्याचा सांधाही नाही.

फिजिओ_सातारा: खालच्या रुंदीत श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधल्या घुमटाकार स्नायूच्या पडद्याचा) वाटा मोठा आहे. त्याचे तंतू खालच्या बरगड्यांना आतून चिकटून उभे वर जातात. पोटातल्या अवयवांवर टेकून ते आखडले की बरगड्या वर-बाहेर ओढल्या जातात. म्हणूनच सीओपीडीसारख्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या) जुन्या आजारात फुप्फुसं कायम फुगलेली राहिली की घुमट सपाट होतो, तंतू आडवे होतात, आणि श्वास घेताना खालच्या बरगड्या उलट आत खेचल्या जातात. असं दिसलं तर त्या व्यक्तीला प्राणायाम वाढवायला सांगू नका, आधी डॉक्टरांकडे पाठवा.

मापाचं: दोन्ही आकडे लिहा, पण एकमेकांत मिसळू नका. तुलनेसाठी चौथ्या-पाचव्या बरगडीमधली जागा धरा. स्त्रियांत टेप स्तनांच्या लगेच खाली, आणि ती जागा दर वेळी तीच. आधी पूर्ण उच्छ्वास, मग पूर्ण श्वास. दोनदा घेऊन मोठा फरक नोंदवा. निरोगी प्रौढात साधारण 5 सेंमी किंवा जास्त येतो. वयाबरोबर बरगड्यांच्या पुढच्या टोकांच्या लवचीक कूर्चा कडक होतात, मग तो घटतो. तरुणात 2.5 सेंमीच्या आत असेल आणि सकाळी कंबर आखडत असेल, तर मणक्याच्या संधिवाताची तपासणी हवीच.

मुक्ता_योग: एकाच माणसाचं माप दोन दिवसांत 2 सेंमीने बदललं, ते?

अस्थिपंजर: बहुधा टेप पाठीमागे घसरली, किंवा त्यांनी खांदे उचलून पाठ मागे वाकवली. हात दोन्ही वेळा एकाच जागी ठेवा, टेप मागून आरशात बघा.